‘आत ओलावा शिरलाय’: महागडं घड्याळ आणि नाकारलेली वॉरंटी

साडेतीन-चार लाखांचं घड्याळ, पाच वर्षांची वॉरंटी, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. ग्राहक सर्व्हिस काउंटरवर जातो, जॉब शीट (घड्याळ जमा केल्याची पावती) न वाचता सही करतो, आणि काही दिवसांनी निरोप येतो: ‘आत ओलावा शिरलाय, हाताळणीतला दोष आहे, वॉरंटीत बसत नाही. सर्व्हिसिंग, तबकडी, काटे मिळून इतके होतील.’ मुंबईच्या हवेत हे कारण कुणालाही पटतं. म्हणून तर ते सर्रास चालतं.

‘१०० मीटर’ छापलेल्या साध्या तीनकाटी घड्याळात पाणी शिरायच्या वाटा तीनच: चावी (बाजूचं फिरवायचं बटण) आणि तिची नळी, काचेभोवतीचं गास्केट (पाणी अडवणारी कडी), मागचं झाकण. चावी उघडी राहिली तर चूक वापरणाऱ्याची, त्यात वाद नाही. पण चावी घट्ट बंद असतानाही घड्याळ गळत असेल आणि केसवर आपटल्याची खूण नसेल, तर संशय गास्केटवर किंवा जोडणीवर जातो, आणि वॉरंटी असते ती त्यासाठीच.

हे तपासायला ड्राय प्रेशर टेस्ट पुरते. बंद घड्याळ हवेच्या दाबाखाली ठेवतात. केस किंचित दबते, मशीन तो फरक मायक्रॉनमध्ये मोजतं. दबलेली केस तशीच राहिली तर सील शाबूत. हळूहळू पूर्ववत होऊ लागली तर हवा आत जातेय. अट एकच, टेस्ट झाकण उघडण्याआधी व्हायला हवी. झाकण उघडलं की गास्केट जागचं हलतं आणि नंतरच्या निकालावरून मूळ दोष कळत नाही. फसवणूक नेमकी इथे होते: आधी उघडायचं, मग कारण लिहायचं.

म्हणून घड्याळ देताना जॉब शीटवर लिहून घ्या: ‘झाकण उघडण्यापूर्वी ड्राय टेस्ट करावी, निकालाची प्रत द्यावी.’ ‘वापरलेलं, ओरखडे आहेत’ असा मोघम शेरा चालवून घेऊ नका. कुठे, किती, ते लिहायला लावा. बंद चावी, चारही कोपरे, सीरियल नंबर आणि झाकणाच्या खाचा यांचे फोटो काउंटरवरच काढा. खाचांवरचे ताजे ओरखडे कंपनीला ‘बाहेर उघडलंय’ म्हणायला पुरेसे होतात. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल बदलून घेतला असेल तर मात्र तो दावा खराही असतो.

ऑटोमॅटिक घड्याळ पुढे पळत असेल, तर पूर्ण सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटला लगेच हो म्हणू नका. स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर यांच्याजवळ राहून हेअरस्प्रिंग (घड्याळाची गती राखणारी बारीक स्प्रिंग) चुंबकित होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व वॉरंटीत येत नाही, पण ते काढणं काही सेकंदांचं काम आहे. टायमग्राफरचा (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा) रीडिंग कागद मागा. पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून अँप्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) साधारण २७० अंशांच्या आसपास असेल, तर तेलपाण्याची ओरड बहुधा खोटी.

अर्धी लढाई मात्र खरेदीच्या दिवशीच हरलेली असते. ‘इंटरनॅशनल वॉरंटी आहे साहेब’ म्हणत कोरं किंवा परदेशी दुकानाच्या शिक्क्याचं कार्ड हातात ठेवतात. वॉरंटी कार्डवरच्या तारखेपासून मोजली जाते, आजच्या बिलापासून नाही. काही दुकानं स्वतःची ‘शॉप वॉरंटी’ देतात. त्यांच्याच टेबलावर घड्याळ उघडलं की कंपनीची उरलीसुरली वॉरंटीही गेली. पाकिटावर एमआरपी आणि आयातदाराचं नाव-पत्ता आहे का ते बघा, विक्रेता अधिकृत आहे का ते कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, जीएसटी क्रमांक हवेतच; महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. ‘कॅश दिली तर जीएसटी वाचेल’ हे ऐकलं की मागे फिरा, कारण बिलाशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही.

नकार आला तर तो लेखी घ्या, कारण आणि तपासणीच्या फोटोंसह. नंतर दुरुस्ती करून घेऊ नका आणि दुसऱ्या घड्याळवाल्याकडे उघडूनही बघू नका. ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून तपासणीला पाठवू शकतो, पण मधे कुणी हात घातला की तो पुरावा उरत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली विक्रेता आणि आयातदार दोघांनाही प्रतिवादी करा. दुकान कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते आणि अर्ज ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.