बाओफेंग यूव्ही-5आर: गोव्यातल्या नव्या हॅमसाठी (हौशी रेडिओ ऑपरेटरसाठी) कसा आहे?

व्हीयू3 म्हणजे रिस्ट्रिक्टेड परवाना असो की व्हीयू2 म्हणजे जनरल, वॉकी-टॉकीसारख्या या हँडसेटवर दोघांच्या कामाचे पट्टे दोनच: 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ. सेट मात्र 136 ते 174 आणि 400 ते 520 पर्यंत बिनदिक्कत प्रक्षेपण करतो. खरी मेख इथेच आहे. मुरगाव बंदराच्या आसपास 156.800 वर, म्हणजे जहाजांच्या आणीबाणीच्या सागरी चॅनेल 16 वर, चुकून पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलात तर 'नवखा आहे' हे कारण चालणार नाही. परदेशी व्हिडिओंत सांगतात ते 146.520 आणि 446.000 देखील आपल्या पट्ट्याबाहेरच. म्हणून चॅनेल कॉम्प्युटरवरून चर्प (CHIRP) या सॉफ्टवेअरने भरा आणि नंबरपॅडचा नाद सोडा.

रिपीटरसाठी, म्हणजे उंचावरून आपला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी, मेनू 25 मध्ये (शिफ्टची दिशा) उणे, 26 मध्ये (ऑफसेट, मेगाहर्ट्झमध्ये) 00.600, आणि 13 मध्ये टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा ठरलेला सूक्ष्म स्वर. टोन चुकला तर रिपीटर उघडतच नाही, आणि लोक उगाच अँटेनाला दोष देतात.

तसा सोबतचा अँटेना यथातथाच. त्याच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला 49 सेंटीमीटरची तार जोडून खाली सोडा. 2 मीटरवर, म्हणजे 144 ते 146 च्या पट्ट्यावर, फरक जाणवतो. पॉवर जेमतेम 4 वॅट, त्यामुळे डोंगराआड गेलात की संपर्क तुटतो. पणजीतल्या आल्तिनोसारख्या उंचवट्यावरून बरं चालतं. सेट जलरोधक नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवा पडतो, अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

7 किंवा 14 मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर हा सेट घेऊच नका. आणि परवाना हातात येण्याआधी तर कुठलाच नको.