जुन्या घराचा संडास तुंबतोय: उपसा, नवा शोषखड्डा की नवी टाकी?

जुन्या घरात संडास तुंबला की पहिला फोन उपसा करणाऱ्या टँकरवाल्याला जातो. सेप्टिक टाकी रिकामी होते, दोन-तीन महिने बरे जातात आणि पाऊस लागला की पुन्हा तेच. मग गवंडी म्हणतो, टाकीच नवी बांधा. उपशाचा खर्च हजारांत, नव्या टाकीचा लाखाच्या घरात. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही करता येतं. माझा अनुभव असा की तीस-चाळीस वर्षांच्या घरात दोष टाकीत कमी असतो. टाकीच्या पुढे, तिचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात, जास्त.

आधी पाणी कुठे अडतंय ते बघा. एकच भांडं किंवा एकच मोरी तुंबत असेल तर दोष तिथल्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाईपमध्ये. फ्लश केल्यावर शेजारच्या मोरीतून गुडगुड ऐकू येत असेल तर व्हेंट पाईप (वायू वर सोडणारा उभा पाईप) बंद असेल किंवा बसवलेलाच नसेल. घरभर पाणी सावकाश उतरत असेल तर टाकीआधीचं शेवटचं चेंबर उघडा. ते कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. काठोकाठ भरलेलं असेल तर टाकीचं झाकण काढून पातळी बघा. आत वाकायचं नाही आणि विडी-काडी लांब ठेवायची, कारण टाकीत मिथेन असतो. पातळी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या बुडाशी असेल तर टाकीचं काम ठीक चाललंय; चेंबर ते टाकी ही लाईन किंवा टाकीच्या तोंडाशी बसवलेला टी आकाराचा पाईप तुंबलाय. पातळी त्या पाईपच्या वर चढलेली असेल तर पाणी पुढे जात नाहीये.

लाईन: जेटिंग की नवा पाईप

पीव्हीसी येण्याआधीच्या घरांत चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाईप असतात आणि त्यांचे जोड सिमेंटचे. परसात उंबर किंवा पिंपळ असेल तर मुळं नेमकी त्या जोडांतून शिरतात. जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, मुळं कापली जातात, पण जोड उघडाच राहतो, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात ती परत येतात. एकदा जेटिंग करून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा तीच जागा तुंबली तर तेवढा पट्टा उकरून ११० मिमी पीव्हीसी टाकावा. चाळीस फुटांत एक फूट ढाळ मिळतोय ना, हे लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) स्वतः बघावं. काळ्या मातीत पाईपखाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू हवीच. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपचा ढाळ बिघडवते. अॅसिड ओतण्याचा उपाय मात्र सोडून द्या. त्याने मूळ जळत नाही, फडकं विरघळत नाही, टाकीतले जिवाणू तेवढे मरतात.

उपसा की शोषखड्डा

उपसा ही दुरुस्ती नव्हे, देखभाल आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा तो व्हायलाच हवा. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये नगरपरिषदांनी तीन वर्षांच्या फेऱ्याने घरोघरच्या टाक्या उपसायची पद्धत सुरू केली, ती याच हिशेबाने. दर दोन महिन्यांनी टँकर बोलवावा लागत असेल तर तो गाळ नव्हे, नुसतं पाणी वाहून नेतोय.

उपशाच्या दिवशी तिथे उभं राहा. टाकी रिकामी होत असताना शोषखड्ड्याकडच्या पाईपमधून पाणी उलटं टाकीत येऊ लागलं तर खड्डा गच्च भरलाय. भिंतीतून किंवा तळातून झरे दिसले तर टाकी फुटकी आहे आणि भूजल आत येतंय. यापैकी काहीच नसेल आणि तळाशी जाड गाळ असेल, तर उपसा लांबला होता एवढंच. या अर्ध्या तासाच्या निरीक्षणावर पुढचा सगळा खर्च ठरतो, आणि नेमका याच वेळी घरमालक नाकाला रुमाल लावून आत बसलेला असतो.

शोषखड्डा भरण्याची कारणं दोन. टाकी वेळेवर न उपसल्यामुळे गाळ पुढे जाऊन खड्ड्याच्या भिंती लिंपल्या जातात, हे पहिलं. दुसरं जास्त घरांत दिसतं: टाकी बांधली होती फक्त संडासाच्या पाण्यासाठी. पुढे न्हाणीघर आत आलं, वॉशिंग मशीन आलं, स्वयंपाकघराचा पाईपही कुणीतरी त्यातच जोडून दिला. मशीनचं एकेक धुणं शंभर लिटरच्या आसपास पाणी सोडतं आणि गाळ खाली बसायच्या आत सगळं पुढे ढकलतं. म्हणून नवा खड्डा खणण्याआधी हे पाणी वेगळं काढा. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी परसात केळी, कर्दळ, अळूच्या वाफ्याकडे वळवता येतं. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेलकट थर अडवणारं एक छोटं चेंबर लागतं. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि काही घरांत एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर नवा खड्डा, पण जमीन बघून. फूटभर रुंद खड्डा घेऊन तो रात्रभर भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरा आणि पातळी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाहून जास्त लागला तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. काळ्या मातीत बहुधा असंच होतं. तिथे खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, नाहीतर टाकीपुढे गाळण टाकी बांधायची.

कोकणात नेमकं उलटं. जांभ्यात पाणी इतकं सहज मुरतं की शोषखड्डा वर्षानुवर्षं तुंबत नाही, आणि सगळे खूश असतात. पण जांभ्याच्या छिद्रांतून ते पाणी न गाळता विहिरीपर्यंत पोचू शकतं. आयएस २४७० हे भारतीय मानक पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर अंतर सांगतं. जुन्या वाडीत तुमचा खड्डा आणि शेजाऱ्याची विहीर यांत ते मिळतंय का, हे टेप लावून बघा. मिळत नसेल तर खड्डा कितीही छान चालत असला तरी त्याची जागा बदलावी लागेल.

नवी टाकी लागलीच तर

भिंत फुटली असेल, तळ मुळातच केलेला नसेल किंवा माणसं दुप्पट झाली असतील, तर नवी टाकी. पाच माणसांच्या घराला मानकाप्रमाणे आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी तरी टाकी लागते, आणि पाण्यावर ३० सेंमी मोकळी जागा. वर सांगितलेलं पाणी वेगळं काढलं नाही तर हे माप अपुरं पडेल.

बांधीव आरसीसी की तयार प्लास्टिकची? बोळ अरुंद, गवंडी मिळत नाही, काम दोन दिवसांत हवं, तर तयार टाकी सोयीची. ती झिरपतही नाही. पण पावसाळ्यात भूजल वर आलं आणि नेमकी तेव्हाच टाकी उपसली, तर ती जमिनीतून वर उचलली जाते. कोकणात, भातशेतीच्या कडेला, तळाच्या काँक्रीटला न बांधता ती बसवू नका, आणि कुठेही असली तरी वर गाडी उभी करू नका. मी स्वतः जागा असेल तिथे आरसीसीच सुचवतो. विटांची जुनी टाकीही भर पावसात पूर्ण रिकामी करू नये; ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत येते.

माणसं कमी, वापर बादलीने आणि आवार मोठं असेल तर टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा संडास बघावा. एक खड्डा भरला की दोन फाटे असलेल्या वाय-चेंबरमधून पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दोनेक वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं. गावाकडच्या, वर्षातून काही महिनेच उघडणाऱ्या घराला हा मला सगळ्यांत योग्य वाटतो. न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं नाही.

शहरात दारावरून भूमिगत गटार जात असेल तर फार विचार नको, जोडणी घ्या. एकच गोष्ट तपासा: रस्ते वर्षानुवर्षं उंच होत गेल्याने जुनी घरं खाली गेलेली असतात, तेव्हा गटारातलं पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागेल. टाकीचं पाणी उघड्या पावसाळी गटारात सोडणं ही जोडणी नव्हे, कंत्राटदार काहीही म्हणो.

काम यातलं कुठलंही निघो, टाकीत माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक काम करवून घेणं बंद आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणंच थांबतं, त्यामुळे "वास नाही, उतरतो" म्हणणाऱ्याला लगेच अडवा. यंत्राने उपसा करणाराच बोलवा, आणि गाडी पुढे कुठे रिकामी करणार तेही विचारा. टाकी कायमची बंद करायची असेल तर उपसून झाल्यावर वरचा स्लॅब फोडून ती मुरमाने दाबून भरून घ्या.