जुने मेल ट्रान्सफर करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा (आउटलुक ते थंडरबर्ड)

बेळगावच्या उद्यमबागमध्ये आमच्या दादाचं मशीन शॉप आहे. पुण्या-कोल्हापूरच्या पार्ट्यांची ड्रॉइंग्ज, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं २००८ पासून आउटलुकमध्ये अटॅचमेंट म्हणूनच पडलेलं. नवीन पीसीवर थंडरबर्ड (मेलचाच दुसरा, फुकट प्रोग्रॅम) घ्यायचं ठरलं तर बेळगावातलाच एक दुकानदार ४,५०० रुपयात सगळं जसंच्या तसं टाकून देतो म्हणाला आणि ९ जीबीची पीएसटी फाईल (आउटलुकचे मेल ज्यात साठतात ती) हार्डडिस्कवर कॉपी करून घेऊन गेला.

काम झालं म्हणून दाखवलं तेव्हा डावीकडे सगळे फोल्डर दिसतायत, वरचे मेल उघडतायत, पीडीएफ पण उघडली, मग यूपीआयने पैसे घेतले आणि बिल मागितलं तर "देतो की नंतर". पुढं एका पार्टीने जुन्या कास्टिंगचं ड्रॉइंग मागितलं, दादा शोधायला बसला तर प्रत्येक फोल्डरात फक्त २५ मेल. इनबॉक्समध्ये २५, सेंटमध्ये २५, सगळीकडं तेवढेच! फोन केला तर म्हणतो दादा तुमची फाईल करप्ट आहे, रिकव्हरीचे ८ हजार वेगळे पडतील.

फाईल करप्ट बिरप्ट काही नव्हती. तीच पीएसटी माझ्या आउटलुकमध्ये पूर्ण उघडली, आउटलुकसोबतच येणारं फाईल तपासायचं टूल स्कॅनपीएसटी चालवलं त्यातही काही एरर नाही. गड्याने कन्व्हर्टरच्या (पीएसटीतले मेल दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी बदलून देणाऱ्या टूलच्या) फुकट डेमोवर काम उरकलेलं, अशा बऱ्याच टूलच्या डेमोत फोल्डरमागे ठराविकच मेल निघतात. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या धंद्याच्या कागदांवर असा खेळ करायचा, वर त्यांनाच भीती घालून परत पैसे मागायचे, याचा फार संताप येतो.

पैसे द्यायच्या आधी साइज बघा. थंडरबर्ड मेल एमबॉक्स नावाच्या प्रकारच्या फाईलीत ठेवतं आणि त्यात अटॅचमेंट टेक्स्टच्या रूपात बसते, म्हणून ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे ९ जीबीचे १२ च्या आसपास व्हायला पाहिजेत, आमच्या थंडरबर्डच्या नव्या प्रोफाइलचा (मेल साठतात तो) फोल्डर ३०० एमबी पण नव्हता. प्रत्येक फोल्डरातल्या मेलचा आकडा जुन्याशी जुळवा, आणि सगळ्यात जुना मेल अटॅचमेंटसकट दुकानदारासमोरच उघडा.

शेवटी आम्ही फुकटात केलं. एक रिकामं जीमेल आयमॅपने (मेल सर्व्हरवर राहून कुठल्याही प्रोग्रॅममध्ये दिसतात ती पद्धत) आउटलुकला जोडलं, जुने फोल्डर त्यात कॉपी केले (मूव्ह नको, मूळ फाईल तशीच राहू दे), तेच अकाउंट थंडरबर्डला जोडून तिथून लोकल फोल्डर्समध्ये (म्हणजे पीसीवरच) ओढले. जीमेलला १५ जीबी मिळतात पण ड्राइव्ह आणि फोटो त्यातच मोजतात, त्यामुळं डेटा जास्त असेल तर वर्षावर्षाचे फोल्डर करून थोडं थोडं चढवा. नेट स्लो असेल तर वेळ खूप जातो, पण ड्रॉइंगसकट सगळं आलं.

आमच्या फाईलची कॉपी अजून त्या दुकानदाराकडंच आहे, त्यात पार्ट्यांचे रेट पण आहेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि दोन्हीकडच्या साइजचे फोटो जपून ठेवलेत. खानापूर, निपाणीकडं कुणाकडून असेच रिकव्हरीचे पैसे मागितले असतील तर देऊ नका, आधी ती पीएसटी दुसऱ्या पीसीवरच्या आउटलुकमध्ये (जुनं, क्लासिक) उघडून बघा.