फुकटचे गेम विकत दिले आणि विकतचे दिलेच नाहीत: 'क्लासिक अ‍ॅडव्हेंचर पॅक'वाल्यांपासून सावध राहा

ज्यांच्याकडे तो साडेतीन इंची स्क्रीनवाला चायनीज हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं गेम मशीन आहे, आणि ज्यांना त्यावर मारामारी न करता जुने पॉइंट अँड क्लिक (माऊसने क्लिक करत गोष्टीतली कोडी सोडवायचे) अ‍ॅडव्हेंचर खेळायचेत, त्यांनी हे पूर्ण वाचा. सध्या रील्समध्ये आणि गेमिंगच्या ग्रुपांमध्ये एक जाहिरात फिरतेय. "१५० क्लासिक अ‍ॅडव्हेंचर, फुल व्हर्जन, आवाजासकट, मेमरी कार्डवर टाका आणि खेळा, फक्त १,२९९." माझे यात एकूण १,७९८ गेले. रक्कम मोठी नाही मान्य, पण त्यांचा सगळा धंदाच त्यावर चाललाय, की एवढ्याशा पैशासाठी कोण पोलिसात जातंय.

आधी थोडं सांगतो की हे गेम हवे कशाला होते. मी ठाण्याहून रोज लोकलने जातो, बसायला मिळालं तर हातात हँडहेल्ड. लोकलमध्ये रेसिंग किंवा फायटिंग जमत नाही, शेजारच्याचा कोपर लागला की खेळ खलास. अ‍ॅडव्हेंचरचं तसं नसतं, कोडं डोक्यात घोळवत बसायचं, दादर आलं की सेव्ह करून खिशात. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यात या गेमचे डेमो असायचे, आम्ही तेच डेमो परत परत खेळलो कारण पूर्ण गेम इथे मिळायचाच नाही, मिळाला तर परवडायचा नाही. त्यामुळे मंकी आयलंड (१९९०), त्याचा दुसरा भाग (१९९१), इंडियाना जोन्सचा अटलांटिसवाला (१९९२), डे ऑफ द टेंटॅकल (१९९३), फुल थ्रॉटल (१९९५), ब्रोकन स्वॉर्ड (१९९६) ही नावं बघितली की आमच्या वयाची माणसं हळवी होतात. आणि त्या जाहिरातवाल्याला हे पक्कं माहीत आहे, त्याची यादी बरोबर याच क्रमाने सुरू होते.

आता हे गेम त्या छोट्या मशीनवर चालतात कसे ते समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी तिथेच होते. स्कमव्हीएम नावाचा प्रोग्रॅम आहे, २००१ पासूनचा, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. तो स्वतः गेम नाही. मूळ गेमच्या डेटा फाइल्स त्याला द्यायच्या, मग तो त्या आजच्या कुठल्याही मशीनवर चालवतो, फोन असो नाहीतर हँडहेल्ड. हँडहेल्डच्या मेनूत नाव दिसावं म्हणून प्रत्येक गेमसाठी एक चिमुकली टेक्स्ट फाइल लागते, तिच्यात फक्त त्या गेमचं छोटं नाव असतं. मंकी आयलंडच्या फाइलमध्ये 'मंकी' एवढाच शब्द. म्हणजे डेटा नसला तरी मेनूत नाव झळकतंच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी मेसेज केला. समोरचा भलताच गोड बोलणारा, "सर तुम्ही जुने प्लेयर दिसता, हल्लीच्या पोरांना याची किंमत नाही." लगेच व्हिडिओ पाठवला, तसाच हँडहेल्ड, मेनूत खाली खाली जातोय तर नावंच नावं, आणि मग त्याने एक गेम चालू करून दाखवला, बिनीथ अ स्टील स्काय. आवाज, चित्र सगळं फर्स्ट क्लास. मी विचारलं मंकी आयलंड चालू करून दाखवा, तर म्हणे "सर आत्ता चार्जिंग संपत आलंय, पण क्वालिटी सगळ्याची हीच." पैसे यूपीआयने गेले, पाच मिनिटांत डाउनलोडची लिंक आली. तोपर्यंत माणूस सज्जनच वाटत होता.

रात्रभर डाउनलोड. कार्डवर टाकलं, मेनूत खरंच दीडशेच्या आसपास नावं. बिनीथ अ स्टील स्काय चालला. फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन चालला. लूर ऑफ द टेम्प्ट्रेस आणि ड्रॅस्क्युला पण चालले. बाकी जवळपास कशावरही बटण दाबलं की काळी स्क्रीन आणि परत मेनू. विचारलं तर म्हणे बाकीचे झिपमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) लॉक आहेत सर, अ‍ॅक्टिव्हेशन करावं लागतं, ४९९, आणि हे डिपॉझिट आहे, सगळं चालू झालं की परत. आणि ४९९ पण गेले.

आता ते जे चार चालले त्यांची गंमत ऐका. बिनीथ अ स्टील स्काय १९९४ चा, रेव्होल्यूशन या इंग्लंडच्या कंपनीचा. या कंपनीने तो आणि त्याआधीचा लूर ऑफ द टेम्प्ट्रेस २००३ मध्ये स्वतःहून फुकट करून टाकला. अ‍ॅमेझॉन क्वीन २००४ पासून फुकट. ड्रॅस्क्युला पण फुकट. चारही गेम स्कमव्हीएमच्या स्वतःच्या वेबसाइटवर पडलेत, कुणीही उचला, अकाउंट नको, पैसे नकोत. सार्वजनिक नळाचं पाणी बाटलीत भरून विकावं तसा प्रकार. वर मेनूतले आणखी काही अर्धवट चालणारे निघाले ते डेमो होते, तेसुद्धा त्याच साइटवर फुकट मिळतात. म्हणजे तीस वर्षांनी मी परत डेमोच खेळत होतो, आणि यावेळी पैसे देऊन!

'अ‍ॅक्टिव्हेशन' या शब्दावर जरा थांबतो कारण आमच्या गेमिंगच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना ते खरं वाटलं. या गेमांना कधीच ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन नव्हतं, नसणारच, तेव्हा घरोघरी इंटरनेट होतं कुठे? कॉपी होऊ नये म्हणून तेव्हा कागदी युक्त्या होत्या. मंकी आयलंडच्या डब्यात पुठ्ठ्याची एक गोल चकती यायची, तिच्यावर समुद्री चाच्यांच्या चेहऱ्यांचे वरचे आणि खालचे अर्धे भाग, स्क्रीनवर जो चेहरा दिसेल तो चकती फिरवून जुळवायचा आणि खाली येणारं साल टाइप करायचं. दुसऱ्या भागालाही तशीच चकती होती. आणि स्कमव्हीएम ही असली तपासणी मुळातच बंद ठेवतो, हौस असेल तर आपण ती चालू करायची. तेव्हा कुणी या गेमांसाठी 'की', 'लायसन्स', 'सर्व्हर फी' असलं काही मागितलं तर तिथेच संभाषण बंद करा.

झिपचं बिंग फोडलं माझ्या भाच्याने. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "मामा, झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं आणि साइज दिसतात, उघड ना." साध्या झिपमध्ये खरंच तसं असतं, आतला मजकूर लॉक होतो पण यादी नाही. उघडून बघतो तर प्रत्येक झिपमध्ये एकच फाइल, एकच नाव, आणि साइज शेवटच्या बाइटपर्यंत सारखी. मंकी आयलंडची पण तीच, ब्रोकन स्वॉर्डची पण तीच. भाचा खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला हसून. अहो पहिला मंकी आयलंड फ्लॉपीवर यायचा, काही एमबीचा गेम, याची झिप सातशे एमबीची! नुसता कचरा भरलाय, डाउनलोडला वेळ लागावा आणि माणसाला वाटावं की बापरे केवढा माल. आणि मेनूतली नावं म्हणजे वर सांगितल्या त्या चिमुकल्या टेक्स्ट फाइल्स. दीडशे फाइल्स बनवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

यादीतच पुरावा होता खरं तर, नीट वाचली असती कुणी तर. तिच्यात रिटर्न टू मंकी आयलंड आहे, तो २०२२ साली पीसी आणि निन्टेन्डोच्या स्विच या गेम मशीनवर आलेला गेम, आपल्या या गरीब मशीनवर तो जन्मात चालणार नाही. किंग्ज क्वेस्टचा पहिला भाग आहे, १९८४ चा, त्यात हुकूम कीबोर्डवर टाइप करायचे असतात, झाडाकडे बघ, दार उघड, असं अक्षरं टाकून. हँडहेल्डला कीबोर्ड कुठाय? ज्याने हे गेम कधी हँडहेल्डवर खेळलेत तो अशी यादी बनवूच शकत नाही. नेटवरून कुठली तरी टॉप शंभर उचललीय आणि चिकटवलीय.

पुढचा भाग जास्त घातक आहे. मी पैसे परत मागितले तर एकदम नरम, "हो सर, आत्ताच करतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा." स्कॅन केला तर स्क्रीनवर २,४९९ आणि खाली पिन टाका. म्हटलं हे तर पैसे जाण्याचं पान आहे. तर म्हणतो "सर पिन टाकल्याशिवाय रिव्हर्स होत नाही, सिस्टिम आहे." नाही हो, नसते अशी सिस्टिम. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही, पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. मी तिथे थांबलो. त्याच ग्रुपमधल्या एका काकांनी पिन टाकला, मग 'एरर आला, परत टाका' म्हणून परत टाकायला लावला, त्यांचे दोन्ही वेळा गेले. आणखी एकाला 'आमचं लाँचर अ‍ॅप टाका' म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट टाकायची फाइल, पाठवली होती, त्याने टाकली नाही ते बरं झालं, असल्या एपीके मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि ओटीपी तिकडे जातात.

मी तक्रारीचं बोललो तर भाषाच बदलली. सर वरून तू वर आला. "कॉपीराइटवाला माल तू पण घेतलायस, पोलिसांना काय सांगशील? आधी तू आत जाशील." ही धमकी चालते बरं का, त्या ग्रुपमधले दोघे जण यामुळेच गप्प बसलेत. मला आधी घाम फुटला आणि मग हसू आलं, कारण त्या भल्या माणसाने कॉपीराइटवालं काही दिलंच नव्हतं! दिलं ते फुकट वाटायला सोडलेलं, बाकी कचरा. अर्थात पॅक खरा असता तर तो चोरीचाच माल असता हेही आहे, दीडशे गेमचे हक्क विकत घेऊन कोण १,२९९ ला देतंय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर पण तक्रार टाकली. कुणीही मला गेमबद्दल शहाणपण शिकवलं नाही. त्यांनी मागितलं ते एवढंच: व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट. इथे एक सांगतो, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, कारण त्याने माझ्या डोळ्यांदेखत निम्मे मेसेज डिलीट केले. आणि फोन लगेच करा, पैसे समोरच्या खात्यात पडून असतील तर ते गोठवता येतात, एकदा पुढे फिरले की मग अवघड. बँकेने सांगितलं की व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, आम्ही काही करू शकत नाही. तक्रार नंबर मिळालाय, पैसे अजून नाही.

मग खेळायचं काय, असं मेसेज करून विचारताय बरेच जण, तर सांगतो. स्कमव्हीएमच्या साइटवर फुकट गेमांचं वेगळं पान आहे, सुरुवात तिथून करा. हँडहेल्डवर पहिला अ‍ॅमेझॉन क्वीन घ्या, विनोदी आहे, हलका आहे. स्टील स्काय जास्त चांगला पण अक्षरं बारीक आहेत, चाळिशी लागली असेल तर त्रास होईल. विकत घ्यायचे तर गॉग किंवा स्टीम, ही गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. लूम, अटलांटिसवाला इंडियाना जोन्स, सॅम अँड मॅक्स, द डिग हे तिथे मूळ रूपात मिळतात, पीसीवर इन्स्टॉल करा, फोल्डरमधल्या डेटा फाइल्स कार्डवर टाका, झालं. सेलमध्ये तर फार स्वस्त जातात. फक्त रीमास्टर्ड (चित्र-आवाज नव्याने केलेलं) लिहिलेलं घेताना जपून, डे ऑफ द टेंटॅकलची २०१६ ची रीमास्टर्ड आवृत्ती वेगळा प्रोग्रॅम आहे, या मशीनवर तशीच चालणार नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. गेम माऊसचा आहे की टाइप करायचा, आणि त्यात घाईची कोडी किती. बाणाच्या बटणांनी कर्सर हळू सरकतो, त्यामुळे पटकन क्लिक करायचं असेल तिथे चिडचिड होते, फुल थ्रॉटलमधली मोटरसायकलवरची मारामारी हे त्याचं उदाहरण. चित्राची काळजी नको, जुने बहुतेक गेम ३२० बाय २०० चे, आपली स्क्रीन ६४० बाय ४८०, बरोबर दुप्पट होऊन बसतात, वर खाली थोडी काळी पट्टी एवढंच.

जाहिरात अजून चालू आहे, नाव आणि नंबर बदललाय, व्हिडिओ तोच, आता "२५० गेम" झालेत आणि किंमत ९९९. तुम्ही पैसे दिले असतील तर आपापल्या यूटीआरने वेगळी तक्रार करा, माझ्या तक्रारीत तुमचं नाव जोडता येत नाही, मी विचारून बघितलं. आणि तो २५० वाला पॅक आधीच्यापेक्षा बरा आहे का असं मला काल एकाने विचारलंय, तर भाऊ, नाही.