नामांचा सराव: पुस्तकातून की बाजारातून?

म्हापशातील एका पालकांनी विचारले आहे, की इंग्रजीतील मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांचा सराव मुलीकडून पुस्तकातील रिकाम्या जागा भरून करून घ्यावा, की बाजारहाट करताना तोंडी. खर्चात फारसा फरक नाही. श्रम मात्र तोंडी सरावात पालकांना अधिक पडतात, कारण चूक तिथल्या तिथे सुधारावी लागते.

खरा फरक टिकाऊपणात आहे. मराठीत ‘किती’ हा एकच शब्द नारळांनाही चालतो आणि तांदळालाही. इंग्रजीत नारळांना ‘मेनी’ आणि तांदळाला ‘मच’ लागते, आणि ही निवड बोलताना क्षणात करायची असल्याने ती तोंडी सरावानेच अंगवळणी पडते. पोदेराकडून, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून, आपण चार पाव घेतो, पण त्यांना ‘फोर ब्रेड्स’ म्हणता येत नाही, हे दारात पाव मोजताना शिकलेले मूल माझ्या अनुभवात सहसा विसरत नाही. उलट ‘अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘इन्फॉर्मेशन’ हे शब्द बाजारात भेटत नाहीत. आपण ‘सल्ले’ म्हणतो म्हणून ‘अ‍ॅडव्हाइसेस’ लिहिण्याची चूक पुस्तकच पकडते.

परीक्षा महिन्यावर आली असेल, तर पुस्तक घ्यावे. मुलगी बोलताना अडखळत असेल, तर तिला शुक्रवारच्या बाजारात सोबत न्यावे.