बिलात पाइप, सीलिंगमध्ये उघडी वायर

फ्लॅटचं वायरिंग नव्याने करताना कंत्राटदाराने बिलात सगळं रीतसर लावलं होतं: आयएसआय मार्कची तांब्याची वायर, फ्लेक्सिबल पाइप, सॅडल (पाइप-वायर भिंतीला पक्की धरणारी पट्टी), जंक्शन बॉक्स. पैसे पूर्ण घेतले. काही महिन्यांत बाथरूमबाहेरच्या फॉल्स सीलिंगमधून जळका वास यायला लागला. परवानाधारक वायरमनला बोलावून सीलिंग कापलं, तर आत पाइपच नाही!

गिझरची वायर पत्र्याच्या चॅनलवर नुसती टाकलेली. चॅनलच्या धारेने तिचं आवरण खरवडलं गेलं होतं. डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचच्या बोर्डापासून) वळणापर्यंत ४ चौरस मिमीची वायर, पुढे बारीक १.५ ची, आणि मधे पिळून टेप गुंडाळलेला जोड. तो सैल होऊन काळा पडला होता. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला नाही, कारण सैल जोडाने करंट वाढत नाही, फक्त जोड तापत राहतो. हे मला त्या वायरमननेच समजावलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही. गिझरच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायर तर जोडलेलीच नव्हती. घरात लहान मुलं आहेत हो!

स्वयंपाकघरात ट्रॉलीमागची वायर दुहेरी चिकटपट्टीने लावली होती. उष्णतेने पट्टी सुटली आणि वायर ड्रॉवरच्या रुळावर घासत होती.

जाब विचारला तेव्हा कंत्राटदार म्हणाला, "जागा अरुंद होती, पाइप वळत नव्हता." अहो, अशा जागेसाठीच फ्लेक्सिबल पाइप असतो, आणि त्याचे पैसे त्याने घेतले होते!

तुमच्याकडे काम चालू असेल तर सीलिंग आणि ट्रॉल्या बसण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. वायरच्या अंगावर जाडी आणि आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) छापलेलं असतं, ते वाचा. जोड फक्त झाकण उघडता येईल अशा बॉक्समध्येच हवा. वायर सॅडलने पक्की हवी, चिकटपट्टीने नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग मीटरने तपासून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सुतार घाई करेल, त्याला थांबवा.

आता तो माणूस फोन उचलत नाही. बिल, कापलेल्या सीलिंगचे फोटो आणि तो जळका जोड जपून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.