वाशीतला कागद-संवर्धनाचा वीकेंड कोर्स: एका बाइंडरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग पुराण. शिकवणं फर्स्टक्लास, किट बरं, आणि जाहिरातीतली 'हेरिटेज क्षेत्रात करिअर करा' ही ओळ साफ विसरा. पाचपैकी साडेतीन. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. असे कोर्स इतरही काढतात, आणि माझी जी मुख्य तक्रार आहे ती कुणाही जाहिरातदाराला लागू पडेल अशीच आहे.

माझं ठाण्यात, चरईत बाइंडिंगचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासूनचं. एकेकाळी बँकांची लेजरं, शाळांची हजेरीपत्रकं आणि वाचनालयांची पुस्तकं गठ्ठ्यांनी यायची. आता मुख्य धंदा प्रबंधांचा: काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि 'उद्या सबमिशन आहे, आजच द्या'. अधूनमधून मात्र कुणीतरी पणजोबांची पोथी नाहीतर मोडीतली खरेदीखतं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन येतं. पाठ निखळलेली, पानं हात लावताच तुटणारी. तिथे नुसती जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे शिवून बांधणं, येऊन भागत नाही. म्हणून शनिवार-रविवार ट्रान्स-हार्बर लोकल पकडून वाशीला गेलो.

फी ९,००० रुपये, किटचे २,५०० वेगळे. बॅचमध्ये ऐरोलीची एक केमिस्ट्रीवाली मुलगी, आर्किटेक्चरचे दोन विद्यार्थी, कल्याणच्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई, एक निवृत्त बँकवाले काका आणि असेच आणखी काही. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांची उभी हयात संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत गेलेली. बोलणं कमी, हात चालू. हे मला पहिल्याच तासाला आवडलं.

सुरुवात चिकटवण्यापासून होईल असं वाटलं होतं. झाली झाडण्यापासून. मऊ ब्रशनं पान मधून कडेकडे झाडायचं, मग रबराच्या स्पंजनं काजळी टिपायची, आणि तोवर पाण्याचा थेंबही जवळ आणायचा नाही, कारण ओली धूळ कागदाच्या आत जाऊन बसते. त्यानंतर शाईची परीक्षा: अक्षराच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब, वर टिपकागदाचा तुकडा, रंग उतरतो का बघायचं. मोडी कागदांवरची काजळीची शाई उन्हात फिकी पडत नाही, शंभर-दोनशे वर्षं काळीभोर राहते, पण तिला धरून ठेवलेलं असतं डिंकानं, त्यामुळे पाण्यानं पसरू शकते. इंग्रजी अमदानीतल्या दप्तरांतली लोखंडी शाई याच्या उलट. ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण आम्ल असल्यानं अक्षराच्या जागी कागदच खाऊन टाकते. बँकवाल्या काकांनी आणलेल्या एका दस्तात 'रुपये' या शब्दाच्या जागी नुसतं भोक होतं. रक्कम किती, ते आता देव जाणे.

कागद पिवळा का पडतो याचं इतकं सरळ उत्तर मला धंद्यात कुणी दिलं नव्हतं. जुना हातकागद, म्हणजे जुन्नरी किंवा दौलताबादी, चिंध्या आणि तागाच्या धाग्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ पडू लागली. लाकडातलं लिग्निन आणि तुरटीचं आम्ल, दोघं मिळून कागद आतून जाळतात. म्हणून दुकानात २५० वर्षांची सनद हातात वाकते आणि १९४० सालचं क्रमिक पुस्तक पापडासारखं मोडतं. त्यावर एक उपचार शिकवला तो म्हणजे चुन्याची निवळी. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घेऊन आणखी पातळ करायचं आणि शाई पक्की असेल तरच कागद त्यात बुडवायचा. आम्ल मारलं जातं, आणि वाळताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं उरलेल्या चुन्याचा खडू बनून धाग्यात बसतो, तो पुढे येणारं आम्लही खातो. आधी आणि नंतर आम्लता मोजणारी पीएचची पट्टी लावून दाखवली. तपकिरी पाणी निघालं तेव्हा ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "अहो, हा तर चहा झाला!"

खळीवरून मात्र माझी आणि मॅडमची जुंपली. आमच्या धंद्यात मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. कीड लागत नाही, खळ आंबत नाही. मॅडम म्हणाल्या, "दादा, कीड लागत नाही हे कबूल. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कागदाची झीज भराभर वाढवतं." मी म्हटलं, लेजर दहा वर्षं टिकलं की बँकेचं काम संपतं, त्यासाठी मोरचूदच बरा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लेजरसाठी घाला की, पोथीसाठी नको. हे मला पटलं. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या खळी.

पोथीसाठीची खळ म्हणजे गव्हाचं शुद्ध स्टार्च, चिकटा धुऊन काढलेलं. बॅचमधल्या बायकांनी लगेच ओळखलं: हा कुरडयांचाच चीक! गहू भिजवून, वाटून, गाळून, वरचं आंबूस पाणी पुन्हा पुन्हा ओतून खाली जो पांढरा साका राहतो, तोच. मॅडमनीही मान्य केलं, फक्त आंबूसपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदला आणि मीठ-हिंगाच्या पातेल्यात शिजवू नका एवढंच बजावलं. मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, गार झालं की बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढायचं. लोण्यासारखी झाली पाहिजे. कोर्समधला हा तास एकट्यानं अर्धी फी वसूल करतो.

त्यानंतर जपानी टिश्यू. कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. इतका पातळ की खालची अक्षरं वाचता येतात, पण धागा लांब असल्यानं ओढून तुटत नाही. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढायची आणि हळूच फाडायची, म्हणजे कडेला धागे मोकळे राहतात आणि ते फाटलेल्या पानात मिसळून जातात. कापलेल्या सरळ कडेवर पान पुन्हा तिथेच दुमडून तुटतं. माझा हात पट्टी, सुरी, गिलोटिन (गठ्ठा कापायचं यंत्र) यांवर बसलेला, तरी हे मला लगेच जमलं. आर्किटेक्चरवाल्या पोरांना घाम फुटला.

सगळ्या कोर्सचा कणा एकच: जे कराल ते उद्या कुणाला तरी सोडवता आलं पाहिजे. पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, एकदा सुकला की पाण्यानं सुटत नाही, म्हणून तो बाद. सेलोटेप तर महापाप. त्याचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. आणि आमच्या आजोबांचा सरस? तो कोमट पाण्यानं सुटतो! मॅडमनी हे सांगितल्यावर मी बॅचकडे जरा छाती काढून बघितलं. लॅमिनेशनचाही इतिहास सांगितला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय, सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म ॲसिटोननं चिकटवायची पद्धत निघाली आणि देशभर वापरली गेली. आता त्या फिल्मलाच कालांतरानं व्हिनेगरचा वास सुटतो, म्हणून नवं काम टिश्यूवर. स्टेशनबाहेर तीस रुपयांत दस्त लॅमिनेट करणाऱ्यांबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसते डोळे मिटले.

आता उणं. हवामानाचा तास कोरडा गेला, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात ओला विषय! आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, साधारण ५० च्या आसपास असावी, हे फळ्यावर लिहून दिलं. जुलैत ठाण्यात घराच्या आत ८०-८५ सहज असते, तिथे साध्या माणसानं करायचं काय? खोदून विचारल्यावर उत्तरं मिळाली आणि ती कामाची होती. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं हे न लावण्यापेक्षा वाईट, कारण कागद रोज फुगतो आणि आकसतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. डांबरगोळ्यांनी कसर मरत नाही, फार तर दूर राहते, आणि तो वास माणसालाही बरा नाही. कीड लागलेलं पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांत दोनेक आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पाणी धरेल. हे सगळं न विचारता सांगायला हवं होतं. चामड्याची बांधणी, फोटो आणि ताडपत्र तर वेळापत्रकात असूनही पाच-दहा मिनिटांत उरकले. सगळ्या बॅचला मिळून बेसिन एकच, त्यामुळे पाण्याच्या कामाला रांग. बेलापूरच्या किल्ल्याची स्थळभेट छान झाली, दगडी बांधकामात सिमेंट भरल्यावर पाणी आत अडकून दगडाचे पापुद्रे कसे सुटतात ते बुरुजापाशी समजलं, पण कागदाच्या कोर्समध्ये ती कशाला होती ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

किटबद्दल. जपानी टिश्यूचे दोन जाडीचे ताव, मिथाइल सेल्युलोज या चिकटवायच्या पावडरीची पुडी, पीएच पट्ट्या, घडी दाबायची हाडाची पट्टी, दोन ब्रश, टिपकागद, न चिकटणारं पॉलिएस्टरचं कापड आणि एक स्काल्पेल. टिश्यू आणि पॉलिएस्टर कापड किरकोळीत मिळायला कटकट आहे, तेवढ्यासाठी किट घ्या. हाडाची पट्टी माझी जुनी जास्त चांगली. ब्रशाचे केस पहिल्याच दिवशी खळीत गळले. जांभळी नाक्यावरून नवे घेतले. मिथाइल सेल्युलोज मात्र मला फार आवडलं. रात्री पाण्यात भिजवा, सकाळी जेली तयार, शिजवणं नाही, आणि खळीइतकं किडीला आवडत नाही. पकड थोडी कमी असते, म्हणून पानांना चालतं, पुठ्ठ्याला नाही.

आणि आता ती करिअरची ओळ. शेवटच्या रविवारी ऐरोलीच्या मुलीनं सरळ विचारलं, या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल का? आयोजक गोल गोल बोलत राहिले. मॅडमनी चहाच्या वेळी खरं सांगितलं, तेच इथे देतो, कारण जाहिरात वाचून फी भरणाऱ्यांत विद्यार्थी बरेच असणार.

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत रसायनशास्त्राचे पदवीधर लागतात. त्या शाखेचं मुख्य ठिकाण डेहराडून. संवर्धनात एम.ए. करायचं तर राष्ट्रीय संग्रहालयाची जी संस्था होती, ती आता नोएडात भारतीय वारसा संस्था म्हणून आहे. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिथे प्रशिक्षण होतं. इंटॅक ही वारसा जपणारी १९८४ सालची संस्था, तिची संवर्धन केंद्रं वेगवेगळ्या शहरांत आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. इमारतींचं संवर्धन हा वेगळाच रस्ता: आधी बी.आर्क., मग संवर्धनात एम.आर्क. आर्किटेक्चरवाल्या पोरांना हे माहीत होतं, ते हौसेनं आले होते.

माझ्यासारख्याला कामाची माहिती सगळ्यात शेवटी मिळाली. राष्ट्रीय अभिलेखागाराची दिल्लीत शाळा आहे, तिथे अभिलेखांच्या दुरुस्तीचे आणि पुस्तकं-हस्तलिखितांच्या जपणुकीचे काही आठवड्यांचे कोर्स असतात, फी मामुली. सरकारी दप्तरखान्यांत बाइंडर आणि मेंडर (फाटके कागद सांधणारा) अशी पदं असतात, पण भरती कधी निघेल त्याच्या भरवशावर कुणी लग्न ठरवू नये. बाकी कामं प्रकल्पावर चालतात: निधी आला की सहा महिने, वर्षभर हात हवे असतात, निधी संपला की घरी. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली, १ कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन करण्यासाठी. त्यातून कामं निघतील असं मॅडमना वाटतं. निघाली तर स्कॅनिंगला माणसं पुष्कळ मिळतील. स्कॅनरखाली ठेवण्याआधी पान सांधणारे हात किती मिळतील, ही शंका माझी.

ऐरोलीची मुलगी लखनौ आणि नोएडाची चौकशी करतेय. तिला या कोर्सचा उपयोग इतकाच, की हे काम आपल्याला सोसतं का ते कळलं: तासन् तास मान खाली, हातात चिमटा, आणि दिवसाला चार पानं. साडेअकरा हजारांत हे कळणं स्वस्तच. पण जाहिरातीत तसं लिहा ना!

कुणी जावं? वाचनालयात काम करणाऱ्यांनी जरूर. घरात जुने कागद असणाऱ्यांनी जावं, पण पहिल्या दिवशी अस्सल दस्त नेऊ नये, रद्दीतलं जुनं पुस्तक न्यावं. बाइंडरांनी तर जावंच. मी दुकानात आता पोथ्यांचा दर वेगळा लावलाय, आणि त्यात कडा कटिंगला घालत नाही. कडा कापल्या की समासातली पणजोबांची टीपही गिलोटिनखाली जाते. गिऱ्हाईक आधी कुरकुरतं, 'एवढे पैसे, आणि वर कडा ओबडधोबड?' मग समजावून सांगावं लागतं. निम्मे ऐकतात.

फी भरताना दोन गोष्टी विचारून घ्या: बॅचमध्ये किती जण आहेत, आणि जीएसटी धरून रक्कम किती. आम्हाला जीएसटी नंतर लावला. डबा घरून न्या.